व्हायरल लोड वाढला, आता पुढे काय? एआरटी घेणाऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांतून एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राला, येणारी माणसं रिपोर्ट हातात पडल्यावर जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीला धरून आहेत. गोळी बदलणं, वाढवणं किंवा थांबवणं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

रिपोर्टमध्ये व्हायरल लोड १,०००च्या वर आलाय. माझ्या गोळ्या फेल गेल्या का?

लगेच तसं म्हणता येत नाही. व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या एचआयव्ही विषाणूचं प्रमाण. किमान सहा महिने एआरटी घेतल्यानंतर एक मिलिलिटर रक्तात १,००० किंवा त्याहून जास्त कॉपीज, म्हणजे विषाणूच्या प्रती, सापडल्या, तर ती धोक्याची सूचना मानतात. मग तीन महिने गोळ्या एकही न चुकवता घ्यायच्या, या काळात दर महिन्याला समुपदेशन व्हायला हवं, आणि त्यानंतर पुन्हा रक्त द्यायचं. दुसरा रिपोर्टही १,०००च्या वर आला, तरच 'उपचार अपयशी' हा शब्द वापरतात. पुष्कळ जणांचा दुसरा रिपोर्ट खाली येतो आणि त्याच गोळ्या पुढे चालू राहतात.

मला तर काहीच त्रास नाही, वजनही वाढलंय. मग फेल कसं?

अपयश आधी रक्तात दिसतं, अंगावर फार उशिरा. विषाणू पहिल्यांदा वाढतो, त्यानंतर काही महिन्यांनी सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, उतरायला लागतो, आणि तोंडात पांढरा थर, नागीण, जुलाब, टीबी ही लक्षणं सगळ्यात शेवटी येतात. म्हणून २०१३पासून जागतिक आरोग्य संघटना सीडीफोरवर विसंबण्यापेक्षा व्हायरल लोडला पहिली पसंती द्यायला सांगते. आपल्याकडे ही तपासणी औषध सुरू केल्यापासून सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी मोफत होते. 'मला बरं वाटतंय, रक्त कशाला देऊ' असं म्हणून ती टाळू नका. बरं वाटतंय तेव्हाच अपयश पकडलं, तर हातात जास्त औषधं शिल्लक असतात.

गोळ्या नेमक्या फेल का जातात?

विषाणू रोज स्वतःच्या असंख्य प्रती काढतो आणि त्या काढताना चुका करतो. बहुतेक चुकांनी त्याचंच नुकसान होतं, पण एखादी चूक अशी पडते की त्या प्रतीवर औषध चालत नाही. रक्तात औषधाची पातळी पुरेशी असेल तर प्रती काढायलाच वाव मिळत नाही. गोळी चुकली, पातळी अर्ध्यावर आली, की नेमक्या या निर्ढावलेल्या प्रती वाढतात. औषध पूर्ण असेल तर विषाणू दबून राहतो, औषध अजिबात नसेल तर तो वाढतो पण बदलायची त्याला गरज पडत नाही. सगळ्यात वाईट मधली अवस्था: चार दिवस घेतली, दोन दिवस सोडली.

आता बहुतेकांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रावीर यांची एकच गोळी. तिच्यातल्या डोलुटेग्रावीरला हरवणं विषाणूला अवघड जातं. आधीच्या एफाविरेन्झ किंवा नेविरापिनसाठी एखादा बदलही पुरत असे. म्हणूनच टीएलडीवर असताना लोड वाढला तर डॉक्टर आधी गोळ्या पोटात जातात का हे विचारतात, आणि ते बरोबर आहे. पण डोलुटेग्रावीरला रेझिस्टन्स (विषाणूने औषधाला न जुमानणं) येतच नाही, हा समज आता सोडायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मांडलेल्या आकड्यांत, टीएलडीवर असूनही लोड दबलेला नाही अशा रुग्णांची पाहणी झाली. त्यांत हा रेझिस्टन्स ३.९ ते ८.६ टक्क्यांपर्यंत दिसला. जुन्या औषधांवर लोड जास्त असतानाच ज्यांना डोलुटेग्रावीरवर आणलं गेलं, त्यांच्यात तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला.

मी एकही गोळी चुकवली नाही. तरीही लोड वाढला. कोणी विश्वास ठेवत नाही.

हे शक्य आहे, आणि अशा माणसाला खोटारडं ठरवणं अन्याय आहे. गोळी वेळेवर घेऊनही ती रक्तात न पोचण्याची कारणं शोधावी लागतात.

पहिलं कारण म्हणजे दुसऱ्या गोळ्या आणि पातळ औषधं. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या एका बाईचं उदाहरण घ्या. सूप मांडीवर, तंबाखूचा वास, जेवणाची वेळ कधी दुपारी तीनला. पित्त कायमचंच. मग मेडिकलमधून आणलेलं गुलाबी पातळ औषध किंवा चघळायची पित्ताची गोळी, वर अशक्तपणासाठी लोहाची लाल गोळी आणि कंबरदुखीसाठी कॅल्शियम. सोय म्हणून ती हे सगळं रात्री एकदमच घेते, टीएलडीसोबत. टीएलडी तिने एकही दिवस चुकवलेली नाही. पण ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि लोह हे डोलुटेग्रावीरला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. पित्ताची ही औषधं घेण्याच्या किमान दोन तास आधी किंवा घेतल्यानंतर सहा तासांनी टीएलडी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमलाही हाच नियम, फक्त भरपेट जेवणासोबत घेतलं तर ती एकत्र चालतात. एवढ्या बदलाने लोड उतरू शकतो. समुपदेशकाकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, पाकिटांसकट. नावं सांगताना अर्धी विसरतात.

दुसरं कारण टीबीचं औषध. त्यातलं रिफाम्पिसिन डोलुटेग्रावीरला शरीरातून लवकर संपवतं. म्हणून टीबीच्या उपचारात टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्रावीर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी देतात आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवतात. टीबीची गोळी एका खिडकीवर आणि एआरटी दुसऱ्या खिडकीवर मिळते. त्यामुळे दोन्हीकडे दोन्ही आजार सांगा. फिट्ससाठीचं कार्बामाझेपीन, फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोन हीसुद्धा डोलुटेग्रावीरची पातळी पाडतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं उलटं आहे: इथे टीएलडीला काही होत नाही, पण मेटफॉर्मिनच अंगात वाढतं. म्हणून त्याचा डोस साधारण दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

तिसरं कारण साठवण. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त तापतं. गोळ्या मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. बाटलीतली छोटी पुडी ओलावा शोषण्यासाठी असते, ती फेकू नका.

जुलाब-उलट्या दीर्घकाळ चालू असतील तर तेही सांगा. आणि कधीकधी ताप किंवा दुसऱ्या संसर्गाने लोड तात्पुरता थोडा वर येतो आणि आपोआप खाली जातो.

दर महिन्याला तेच समुपदेशन कशाला? गोळ्या घ्यायच्या हे मला कळतं.

कळतं, पण दिवस तसा नसतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला रात्री नऊची वेळ सांगितली. पाळी आठवड्याला बदलते. रात्रपाळीला तो घरी नसतो, आणि बाटली कारखान्यात नेली तर शेजारच्या मागावरचा विचारणार, काय रे कसल्या गोळ्या? म्हणून तो गोळी कागदात गुंडाळून शर्टच्या खिशात ठेवतो. घामाने कागद भिजतो, गोळीचा भुगा होतो, ती जाते कचऱ्यात. महिन्याला अशा सात-आठ जातात. त्याला 'गोळी चुकवायची नाही' हे शंभर वेळा सांगून काय होणार? त्याला सांगायचं की वेळ बदल, कुठल्याही पाळीला घरी असतोस अशी वेळ धर, मग ती दुपारी चारची का असेना. टीएलडी जेवणाआधी किंवा नंतर, दिवसा किंवा रात्री, कधीही चालते. फक्त वेळ रोज तीच हवी.

चांगलं समुपदेशन म्हणजे हे. माझं स्पष्ट मत आहे की जिथे रागावलं जातं तिथे माणसं खोटं सांगायला शिकतात. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या येताना नाल्यात टाकून मोजणीला रिकामी बाटली दाखवतात. त्या खोट्या मोजणीवर डॉक्टर दुसऱ्या लाइनचा, म्हणजे पहिल्या गोळ्या बदलून पुढचा संच देण्याचा, निर्णय घेतात, आणि नवी औषधंही तशीच वाया जातात. महिन्याच्या तीस गोळ्यांत एक चुकली तर तुम्ही जवळपास ९७ टक्क्यांवर असता, दोन चुकल्या तर ९३ वर. निदान ९५ टक्के गोळ्या पोटात गेलेल्या असाव्यात, अशी मर्यादा धरलेली आहे. खरा आकडा सांगा. झोप लागत नाही म्हणून सोडत असाल तर गोळी सकाळी घ्या. सासूसमोर घेता येत नाही, हेही कारणच आहे. मन खचलंय, जगण्यात रस नाही, हे तर सगळ्यात आधी सांगा, त्यावरही उपचार आहेत.

गोळी विसरली तर?

आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर राहू द्या. दोन एकदम घेऊ नका.

दारू प्यायल्यावर गोळी घ्यायची का?

घ्यायची. 'दारूवर गोळी चालत नाही' असं ऐकून माणसं गोळी सोडतात, दारू नाही. दारू लिव्हरला वाईटच, पण गोळी सोडल्याने नुकसान दुप्पट होतं. दारू सोडायची असेल तर मदत मागा. तोवर गोळी त्या दिवशीही घ्या.

उपवास, रोजे, वारी?

दिवसातून एकच गोळी आहे, त्यामुळे रोज्यात सहेरीला किंवा इफ्तारनंतर बसते. उपवासाला उपाशीपोटी पाण्यासोबत चालते. पंढरीची वारी असो की कोजागरीला तुळजापूरला पायी जाणं असो, दोन-चार दिवसांच्या जादा गोळ्या जवळ ठेवा, आणि पाठीवरच्या पिशवीत नको, अंगावर. पिशव्या हरवतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गावाकडे येणं होत नाही.

निघायच्या महिनाभर आधी सेंटरला सांगा, टोळी निघाल्यावर नाही. लोड दबलेला असेल तर एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. लोड वाढलेला असेल तर जिथे जाताय तिथल्या जवळच्या सेंटरला ट्रान्सफर घ्या, म्हणजे तीन महिन्यांनंतरचं रक्त तिथे देता येईल. उपचारांचं पुस्तक कायम जवळ बाळगा. ते दाखवलं तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या एआरटी सेंटरवर अडीअडचणीला गोळ्या मिळू शकतात. मुकादमाला काही सांगायची गरज नाही.

दुसऱ्या रिपोर्टसाठी तीन महिने थांबायचं. तोवर रेझिस्टन्स वाढणार नाही का?

धोका थोडा असतो, पण त्या तीन महिन्यांशिवाय कळतच नाही की औषध हरलं की औषध पोटातच गेलं नाही. प्रकृती ढासळत असेल, सीडीफोर फार खाली असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टर थांबत नाहीत, आणि थांबू नये.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. पैसा आणि माणसं कमी असलेल्या आरोग्य व्यवस्थेत तीन महिन्यांचे नऊ होतात. नमुना लॅबला उशिरा जातो, रिपोर्ट येऊन फाइलला लागतो, रुग्णाचा जुना फोन नंबर बंद असतो, तो पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला येतो तेव्हा खिडकीवर गर्दी असते आणि रिपोर्ट कोणी उघडत नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही हीच कथा आहे: तपासणी झाली, आकडा आला, कृती झाली नाही. वाढलेला लोड पाहून पुढचं पाऊल न उचलणं हेसुद्धा उपचारांचं अपयशच आहे, फक्त ते रुग्णाच्या नावावर लिहिलं जातं. म्हणून रक्त दिल्याची तारीख तुम्ही स्वतः लिहून ठेवा, फोन नंबर बदलला तर कळवा, आणि गोळ्या घेताना 'माझा लोड किती आला?' हा प्रश्न विचारल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग सरळ रेझिस्टन्सची तपासणी का करत नाहीत?

विषाणूतले बदल शोधणारी ही जीनोटाइप तपासणी महाग आहे, तिला खास लॅब आणि ती वाचणारी माणसं लागतात. शिवाय रक्तात पुरेसा विषाणू असावा लागतो आणि माणूस गोळ्या घेत असावा लागतो. गोळ्या बंद करून महिना उलटला की मूळचा विषाणू पुन्हा पुढे येतो आणि निर्ढावलेला मागे लपतो. मग तपासणी 'सगळं ठीक' दाखवते.

पहिल्या अपयशाला प्रत्येकाची तपासणी केली तर फायदा होतो का, हे युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या रिव्हॅम्प नावाच्या अभ्यासात पाहिलं गेलं. तपासणी करून औषध ठरवलेले आणि ठरलेल्या नियमाने उपचार केलेले, दोन्ही गटांत लोड दबण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं. पण डोलुटेग्रावीर किंवा दुसऱ्या लाइनची औषधं फेल गेल्याचा संशय असेल, तर माझ्या मते तपासणीशिवाय बदल करणं म्हणजे अंधारात तीर. तिथे आग्रह धरावा.

लाइन बदलायची हे कोण ठरवतं? कोणत्या गोळ्या मिळतात?

दुसरा रिपोर्टही वाढलेला आला की तुमची केस मोठ्या केंद्राकडे आणि राज्याच्या तज्ज्ञ पॅनेलकडे जाते. आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, त्याचा पूर्ण इतिहास तिथे बघतात, म्हणून खाजगीत घेतलेली एआरटीही सांगा. जुन्या एफाविरेन्झ-नेविरापिनच्या गोळ्या फेल गेलेल्यांना बहुधा डोलुटेग्रावीर असलेलं औषध मिळतं. युगांडा, केनिया आणि झिंबाब्वेमधल्या नाडिया अभ्यासाने २०२१ साली दाखवलं की अशा रुग्णांत टेनोफोविर-लॅमिव्हुडिन तेच ठेवून डोलुटेग्रावीर जोडलं तरी लोड चांगला दबतो. डोलुटेग्रावीरच फेल गेलं असेल तर प्रोटीज गटातलं ॲटाझानाविर किंवा लोपिनाविर, सोबत रिटोनाविर, असं देतात. ॲटाझानाविर जेवणासोबत घ्यायचं. त्याने डोळे पिवळे दिसू शकतात. ते नेहमीच काविळीचं नसतं, म्हणून घाबरून गोळी सोडू नका, दाखवून घ्या. पित्ताच्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोलने ॲटाझानाविर शोषलं जात नाही, आणि टीबी असेल तर प्रोटीज गटासोबत रिफाम्पिसिन चालत नाही, रिफाब्युटिन द्यावं लागतं.

तिसऱ्या लाइनची औषधं, म्हणजे मुख्यतः डारुनाविर, सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, पण मोजक्या केंद्रांतून. त्यापुढे पर्याय फार कमी उरतात.

फेलच गेल्यात तर गोळ्या बंद केल्या तर काय बिघडलं?

खूप बिघडतं. अर्धवट चालणारी गोळीही विषाणूला अशक्त ठेवते आणि सीडीफोर एकदम कोसळू देत नाही. हिपॅटायटीस बी सोबत असेल तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही धरून ठेवतात. ती अचानक थांबली की लिव्हरला जीवघेणी सूज येऊ शकते. नवी गोळी हातात येईपर्यंत जुनी चालू ठेवायची. 'मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. एचआयव्ही मुळापासून घालवणारा काढा किंवा भस्म अस्तित्वात नाही.

सीडीफोर २००च्या खाली गेलाय.

मग लोडची वाट न पाहता टीबीची तपासणी, मेंदूज्वर करणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीची रक्ततपासणी आणि दुसरे संसर्ग टाळणाऱ्या कोट्रायमोक्साझोलची रोजची गोळी, या तीन गोष्टी विचारा. न थांबणारी डोकेदुखी, दम लागणं, खोकला किंवा ताप असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

मुलाचा लोड वाढला. गोळी तर मी स्वतः देते.

आधी वजन करून घ्या. मुलांचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढलं आणि डोस तोच राहिला तर औषध कमी पडतं. लहानांसाठी पाण्यात विरघळणारी डोलुटेग्रावीर १० मिलिग्रॅमची गोळी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचं दुखणं वेगळं: आपण रोज कसली गोळी घेतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि एक दिवस ते थुंकून टाकायला लागतात. समुपदेशकाच्या मदतीने, वयाला झेपेल असं खरं सांगा.

मी गरोदर आहे आणि लोड जास्त आहे.

आजच सेंटरला जा. बाळंतपणाच्या आधी, ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, लोड पाहतात. तो जास्त असेल तर बाळाला जन्मानंतर एकाऐवजी दोन प्रतिबंधक औषधं देतात. हे प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना माहीत असायला हवं, म्हणून रिपोर्ट बाळंतपणाच्या फाइलीत लावा.

नवरा-बायकोच्या संबंधांचं काय?

लोड सापडतच नाही इतका कमी असेल तर संबंधांतून लागण होत नाही. १,०००च्या आत असेल तर शक्यता नगण्य, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं आहे. लोड वर असताना मात्र प्रत्येक वेळी निरोध वापरा आणि जोडीदाराची तपासणी पुन्हा करून घ्या.

हे सगळं विचारायला गेलो तर गावात कळेल.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करणं, कामावरून काढणं, उपचार नाकारणं या कायद्याने गुन्हा किंवा बेकायदा ठरतं. फोन करू नका, घरी येऊ नका, असं सेंटरला सांगायचा हक्क तुम्हाला आहे. तसं सांगितलंत तर रिपोर्टची चौकशी करायची जबाबदारी तुमच्यावर येते हे लक्षात ठेवा. चेहरा न दाखवता विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

सेंटरला जाताना सोबत काय न्यायचं?

उपचारांचं पुस्तक, उरलेल्या गोळ्यांसकट बाटली, घरातली बाकी सगळी औषधं, आधीचे लोड आणि सीडीफोरचे रिपोर्ट, आणि किती गोळ्या चुकल्या व का, हे लिहिलेली चिठ्ठी. मराठी बोलणं अवघड जात असेल तर तेलुगू किंवा कन्नड बोलणारं विश्वासातलं माणूस घेऊन या. सोलापुरात असं माणूस शोधावं लागत नाही. प्रवासखर्चाची अडचण असेल तर एसटीची सवलत आणि संजय गांधी निराधार योजना यांबद्दल समुपदेशकाला विचारा, आणि कागदपत्रांची यादी तिथल्या तिथे लिहून घ्या.